अण्णांचा डावा डोळा

सत्तय्या अण्णा भट्टीच्या भोकातून आत बघायचे ते नेहमी उजव्या डोळ्याने. डावा डोळा गच्च मिटलेला, त्याच्यावरच्या भुवईत एक जुना व्रण, आणि तोंड थोडंसं उघडं. बघून झालं की मागे सरकायचे, गळ्यातल्या टॉवेलने घाम पुसायचे आणि तीनपैकी एक शब्द बोलायचे: टमाटं, गाजर किंवा आंबा.

मी वैरागची. धातुशास्त्राची पदवी घेऊन सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या कारखान्यात तपासणीच्या कामावर लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मालकांनी मला अण्णांच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. "अण्णा, या नव्या म्याडम. शिकलेल्या आहेत."

अण्णांनी मला खालून वर पाहिलं. साठीला टेकलेला माणूस, पण हात पैलवानाचे. "चांगलं हाय की," म्हणाले, आणि भट्टीकडे बोट केलं. "बगा आत. काय हाय?"

मी भोकातून पाहिलं. डोळे दिपले. मागे मीटरवर नजर टाकली आणि ऐटीत सांगितलं, "नऊशे वीस अंश."

"ते मीटरनं सांगितलं. तुमाला काय दिसलं?"

"लाल... नारिंगी."

"गाजर," अण्णा म्हणाले. "आत गाजर हाय. टमाटं असलं की कच्चं, आंबा झाला की जळलं. आमाला गाजर पायजे." आणि माझ्याकडे पाठ करून ते मातीचा गोळा मळायला बसले. चार वर्षं शिकून आलेली मी तिथं भाजीबाजारात चुकल्यासारखी उभी राहिले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. यंत्रमागाचे कॅम, छोटे गिअर, पिना असे सुटे भाग मऊ पोलादाचे बनवतात, म्हणजे ते दणका सोसतात. पण वरून मऊ राहिले तर झिजतात. म्हणून ते लोखंडी पेटीत कोळशाच्या भुकटीत पुरायचे, झाकण चिकणमातीने लिंपायचं आणि पेटी दिवसभर भट्टीत ठेवायची. कोळशातला कार्बन पोलादाच्या आत शिरतो. नंतर भाग पुन्हा तापवून तेलात विझवला की वरची साल काचेसारखी कठीण होते आणि गाभा चिवट राहतो. पोलाद वितळत नाही, घट्टच असतं, आणि तरी कार्बन त्यातून चालत आत जातो. याला आमच्या पुस्तकात विसरण म्हणतात. अण्णा त्याला मुरणं म्हणायचे. "चाळीस कॅम मुरायला टाकलेत," असं सकाळी सांगायचे, घरी कैरीचं लोणचं घातल्यासारखं.

पेटीच्या भोकातून त्याच पोलादाचे दोन-तीन बारीक नमुन्याचे दांडे बाहेर डोकावत असायचे. दुपारी अण्णा त्यातला एक ओढून काढायचे, पाण्यात विझवायचे, ऐरणीवर एका घावात मोडायचे आणि मोडलेलं तोंड डोळ्याजवळ धरायचे. कडेने जी बारीक दाण्याची कड दिसे, तेवढं मुरलं. मग घरच्या मागावरचा सुताचा धागा त्या तुकड्याला बांधून तो स्टीलच्या डब्यात टाकायचे. नीट जमलं तर पांढरा धागा, बिघडलं तर काळा. अण्णांचं घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. घरी अजून दोन माग टॉवेलचे चालायचे. कारखान्यात नोंदवही होती, तिच्यात मी लिहायचे. अण्णांची नोंदवही म्हणजे तो डबा. वीस वर्षांतले काळे धागे मी एकदा मोजले, अकरा निघाले.

एकदा एक गिऱ्हाईक घाईत आलं. माल आजच हवा. मालक भट्टीपाशी येऊन म्हणाले, "अण्णा, जरा उष्णता चढवा की. लवकर होईल."

"लवकर व्हईल," अण्णा म्हणाले. "पन्नास-साठ अंश चढवलं की मुरायचा वेग दुप्पट. म्याडमला इचारा."

मी मान डोलावली. सूत्र माझ्या डोक्यात होतं, त्यातली सगळी अक्षरं जागच्या जागी होती.

"मग चढवा."

अण्णांनी डबा उघडला, तळातून काळ्या धाग्याचा एक तुकडा काढला आणि मालकांच्या तळहातावर ठेवला. त्याचं मोडलेलं तोंड खडीसाखरेसारखं चमकत होतं. मग पांढऱ्या धाग्याचा ठेवला. तो आत बारीक रव्यासारखा, मखमली. "ह्यो आंब्याचा, ह्यो गाजराचा. लई तापवलं की दाणा फुगतो, मालक. फुगलेलं लोखंड दिसायला लोखंड, पण दणक्याला तडकतंय." मालकांनी दोन्ही तुकडे परत दिले आणि गिऱ्हाइकाला चहा पाजायला गेले. तो चहा संध्याकाळपर्यंत चालला.

थांबणं हा अण्णांचा स्वभावच होता. दुप्पट खोल मुरवायचं तर चौपट वेळ लागतो, हे मी वर्गमुळाच्या चिन्हासकट शिकले होते. अण्णा म्हणायचे, "पयला कोस झपझप, दुसरा लंगडत." डबा खायला बसले तरी तसंच. कडक भाकरी, वर शेंगाचटणी, एकेक घास चावून चावून. हुसेनभाई म्हणजे आमचे पेट्या भरणारे, ते तोपर्यंत जेवून, हात धुऊन, एक डुलकी काढून यायचे. "अण्णा, तुम खाते नही, मुरवते हो," म्हणायचे. अण्णा हसायचे नाहीत. घास संपल्यावर हसायचे.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात माझी आणि अण्णांची जुंपली. मीटर नऊशे वीस दाखवत होतं आणि अण्णा म्हणत होते आंबा झालाय, भट्टी उतरवा. मी म्हटलं, मीटर यंत्र आहे, त्याला चूक करायची हौस नसते. अण्णा म्हणाले, "मीटर बाहेर बसलंय, म्याडम. आत त्याची तार गेलीय. ती तार बारा महिने जळायलीय. तिला कोण इचारतंय?" शेवटी चिडून मी नवी तार मागवून लावली. नव्या तारेने नऊशे साठच्या वर आकडा दाखवला. जुनी तार जळून जळून खोटं बोलायला लागली होती आणि अण्णांचा डोळा खरा निघाला. मी खाली मान घालून उभी होते. अण्णा म्हणाले, "जाऊ दे अम्मा. तार हाय, थकली." त्यांच्यात मुलीला अम्मा म्हणतात. त्या दिवसापासून माझं म्याडम गेलं ते गेलंच.

आणि त्या दिवसापासून मी मनाशी एक गाठ मारली: मीटर आणि अण्णा भांडले तर अण्णा खरे. ही गाठ पुढे माझ्याच गळ्याशी आली.

भुवईवरच्या खुणेबद्दल मी बरेच दिवस विचारलं नाही. एकदा त्यांनीच सांगितलं. अण्णा सोळा-सतरा वर्षांचे असताना वडिलांच्या मागावर बसायचे. मागात धोटा सुतासकट इकडून तिकडे फेकला जातो, आणि तो फेकतो कॅम, म्हणजे एका बाजूला नाक काढलेलं चाक. तो कॅम झिजला होता. बाहेरून कुणाला दिसत नव्हतं, माग चालत होता. एका सकाळी फेक चुकली, धोटा बाहेर उडाला आणि अण्णांच्या भुवईत बसला. "एक बोट खाली बसला असता तर डोळा गेला असता. टाके घातले, घरी आलो, तो कॅम हातात घेतला. वरची साल कागदासारकी. आत मऊ लोखंड. मग इचारत इचारत हितं आलो, साल कशी करत्यात ते बगायला. आन् राहिलो." एवढंच. तेव्हापासून त्या डाव्या डोळ्याला ते जरा जपायचे, म्हणून भट्टीत बघायचं काम उजव्याचं.

त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डाव्यातही होता, पण कोवळा. डॉक्टर म्हणाले, जन्मभर भट्टीत बघितलंत, मोतीबिंदू यायचाच. उजव्याची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर धगीपासून लांब राहा, जवळचं बघायचा चष्मा नंतर देऊ, असं सांगून घरी पाठवलं.

अण्णा पंधराव्या दिवशी कामावर हजर. काळा गॉगल लावून. हुसेनभाई म्हणाले, "आ गए हीरो." मालक रागावले, मी रागावले. अण्णा म्हणाले, "घरी बसून काय करू? बायको म्हणायलीय, तुमी माग तरी चालवा न्हाईतर भाईर तरी जावा." आणि गॉगल काढून भोकापाशी गेले. डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि दचकून मागे आले.

"आंबा झालाय की! उतरवा, उतरवा!"

मीटरवर नऊशे वीस होते. तार लावून वर्ष होत आलं होतं. मला वाटलं, पुन्हा थकली. मी वीज कमी केली. अण्णा बघत राहिले. नऊशे झाले, आठशे नव्वद झाले, अण्णा मान हलवत राहिले. आठशे सत्तरवर म्हणाले, "आता आलं गाजर." पेटीत मागाचे चाळीस कॅम मुरत होते. नेहमीच्या वेळेला अण्णांनी दांडा ओढला, मोडला, डोळ्याजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. "झालं," म्हणाले, आणि पांढरा धागा बांधला.

संध्याकाळी कॅम विझवले. त्यांच्यावर कानस चालवून पाहिली, ती घसरत होती. म्हणजे साल कठीण. किती जाड, हे कानस सांगत नाही. ते बघायला एक तुकडा कापून, घासून, आम्ल लावून पाहावा लागतो. अण्णांच्या मालाचं ते मी रोज करत नव्हते, कधीतरी करायचे. कॅम गेले. दुसऱ्या दिवसापासून विटा बदलायला आठवडाभर भट्टी बंद होती, तेवढ्यात मी नवी तार लावून घेतली. भट्टी पेटली तेव्हा नव्या तारेच्या शेजारी जुनी ठेवून पाहिली. दोघींचा आकडा एकच. जुनी तार खोटं बोलत नव्हती. मला कळलं, आणि मी गप्प बसले. स्वतःलाच सांगितलं की अण्णांना काहीतरी दिसलं असेल. खरं कारण असं की मागच्या वेळी मी तोंडघशी पडले होते आणि पुन्हा पडायची माझी तयारी नव्हती. भट्टी मी नऊशे वीसवर चालवली, अण्णा आंबा आंबा म्हणत राहिले, आणि मी नवीन तार आहे म्हणून वेळ मारून नेली. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

अण्णांना चष्मा मिळाला तो एका सोमवारी. सकाळी आले, डबा उघडला आणि वरचेच तुकडे एकेक करून नव्या चष्म्याने बघायला लागले, हौसेने, नातवंडांचे फोटो बघावेत तसे. मी टेबलापाशी होते. बऱ्याच वेळाने ते माझ्यापुढे आले आणि पांढऱ्या धाग्याचा एक तुकडा ठेवला.

"अम्मा, हे काप."

मी कापला, घासला, आम्ल लावलं. कडेला काळी पट्टी उमटली. एक मिलिमीटर हवी होती, ती पाऊणही नव्हती. मग मी तारेचं सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, खिडकीकडे तोंड केलं आणि हाताने एकदा डावा, एकदा उजवा डोळा झाकला.

"ह्या डोळ्यानं भिंत पिवळी. ह्या डोळ्यानं पांढरी फटक," म्हणाले. "मोतीबिंदू म्हंजी पिवळी काच, अम्मा. इतकी वर्सं मी पिवळ्या काचेतनं गाजर बगत होतो. काच काढली, तर गाजराचा आंबा दिसाय लागला. भट्टी तीच हाय. मी बदललो."

डॉक्टरांना हे सुचलं नव्हतं. मला सुचलं नव्हतं. पन्नास अंश उतरवले की मुरण्याचा वेग निम्म्यावर येतो हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

अण्णा मालकांकडे गेले. मागोमाग मीही. मालक वाईट माणूस नव्हता, पण धंदा करणारा होता. त्यांनी विचारलं, "कानस चालते का त्याच्यावर?"

"न्हाई चालत."

"मग? कुणाला कळणारंय? पुढच्या वेळी नीट करू."

अण्णांनी भुवईवर बोट ठेवलं. मालकांना ती गोष्ट माहीत होती. थोडा वेळ कागद चाळले, मग टेम्पोची किल्ली टेबलावर सरकवली. "जावा," म्हणाले. "पण नाव कारखान्याचं सांगू नका, अण्णा. लोक काय म्हणतील?"

"माजं सांगतो," अण्णा म्हणाले.

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही तीन दिवस फिरलो. हुसेनभाई टेम्पो चालवायचे, मी यादी धरायचे, अण्णा गल्लीगल्लीत शिरायचे. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते सरळ जाऊन माग बंद करायचे आणि अचानक पडलेल्या शांततेत म्हणायचे, "तप्पु नादि." चूक माझी. एका शेडमध्ये एक विणकर बाई भडकल्या. मराठीत, मला ऐकू जावं म्हणून. "चांगला चालायलाय माग! तुमाला काय कामधंदा न्हाई? माजी खेप खोळंबली की!"

अण्णांनी कॅम सोडवून घेतला, त्याच्या नाकावर अंगठ्याचं नख फिरवलं आणि बाईंचा हात धरून त्यांचं नख फिरवायला लावलं. नखाला लागेल इतकीच खळी पडली होती, साल आत दबायला लागली होती. बाईंनी खळी चाचपली, मग अण्णांच्या भुवईकडे पाहिलं. तेलुगूत काहीतरी हळू बोलल्या आणि आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. काय म्हणाल्या ते मी नंतर विचारलं. "म्हणाली, माजा पोरगा ह्या मागावर बसतो."

चाळीसच्या चाळीस कॅम परत आले. अण्णांनी ते पुन्हा पेटीत पुरले. मुरणं जिथं थांबलेलं असतं तिथून पुढे चालतं, फक्त वेळ द्यावा लागतो. या वेळी दांडा मी मोडला, तुकडा मी कापला, पट्टी मी मोजली. कॅम घासून परत मागांवर गेले. आधीच्या तुकड्याचा पांढरा धागा अण्णांनी दातांनी तोडला आणि काळा बांधला. बारावा.

मग मालकांनी अण्णांना बोलावलं. प्रेमानेच म्हणाले, "अण्णा, आता डोळ्याचं राहू द्या. मीटर बघून म्याडम चालवतील. तुम्ही खुर्ची टाकून बसा." अण्णा बाहेर आले, भट्टीपासून लांब एका पेटीवर बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं या माणसाला काय येत होतं, तर एक रंग ओळखता येत होता. तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "अम्मा, डाव्या डोळ्याचं आपरेशन पुढल्या आठवड्यात व्हतं. मी ते महिनाभर पुढं ढकललंय."

"का?"

"त्यो अजून पिवळा हाय. त्याला जुनं गाजर दिसतंय. महिन्यात त्यो ह्याला शिकवंल."

आणि ती शाळा सुरू झाली. रोज सकाळी अण्णा भोकापाशी उभे राहायचे. तळहाताने उजवा झाकून डाव्याने बघायचे, मग डावा झाकून उजव्याने. आयुष्यभर जपून बाजूला ठेवलेला तो डोळा आता मास्तर झाला होता. मी मीटरपाशी, पण आकडा सांगायचा नाही. आधी अण्णा सांगणार. पहिल्या आठवड्यात चाळीस-पन्नासने चुकायचे. "नऊशे साठ." "नाही अण्णा, नऊशे वीस." "हात् तिच्या!" मग पुन्हा डावा, पुन्हा उजवा. दुसऱ्या आठवड्यात वीसने. हुसेनभाई येता-जाता विचारायचे, "पास हुए क्या?" अण्णा म्हणायचे, "लंगडत चाललोय." मालक एकदा दारात येऊन बराच वेळ उभे राहिले आणि निघून गेले. खुर्चीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे अण्णांनी आणखी चार वर्षं भट्टी चालवली, मग निवृत्त झाले. मी पुण्याला मोठ्या कारखान्यात गेले. तिथं पडद्यावर आकडे दिसतात, भट्टीला भोकच नाही. मागच्या वर्षी हुसेनभाईंचा फोन आला, अण्णा गेले म्हणून. काळ्या धाग्याचा बारावा तुकडा मी निघताना अण्णांनीच मला दिला होता, तो माझ्या टेबलावर असतो. लोक विचारतात, हे काय? मी सांगते, माझ्या हातची चूक आहे.

पण मला अण्णा दिसतात ते निवृत्तीच्या दिवशीचे नाहीत, हारतुऱ्यातले नाहीत. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचे दिसतात. दुपार होती. त्यांनी उजव्याने बघून "नऊशे वीस" म्हटलं आणि मीटरवर नऊशे वीसच होते. मी टाळी वाजवली. अण्णा हसले नाहीत.

"अम्मा, उद्या हा बी डोळा पांढरा व्हनार. मग माज्यापाशी जुनं काय न्हाई. मीटर आन् मी भांडलो तर गप बसायचं न्हाई. मागं बसलीस तसं."

मला वाटत होतं, त्यांनी ते कधीच मनातून काढून टाकलं असेल. "न्हाई बसणार, अण्णा," मी म्हटलं.

"बास," म्हणाले. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डावा डोळा भोकाला लावला. दांडा ओढायची वेळ नव्हती, भट्टी बघायची गरज नव्हती. भोकातला उजेड त्यांच्या भुवईच्या व्रणावर पडला होता. पुष्कळ वेळ ते तसेच उभे होते. जुनं गाजर शेवटचं बघत होते. हुसेनभाई काहीतरी विचारायला आले, त्यांना मी हातानेच थांबवलं.